बरोबर शिवलेली चुकीची बाही

सोमवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मास्तर एका गाऊनला चुकीची बाही लावत होते, आणि ती चुकीची आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

कॉलेजच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शिवणवर्गाची लांबट खोली आहे. खिडक्यांकडे तोंड करून मांडलेली मशीन, मध्ये कापायचं उंच टेबल, कोपऱ्यात कापडी पुतळे, ज्यांना वर्गात सगळे ‘डमी’ म्हणतात. मास्तर खिडकीपासून तिसऱ्या मशीनवर बसले होते. पुढ्यात दुसऱ्या कुणीतरी आखलेला कागद, त्यावरून कापलेले तुकडे आणि सूचनांचं एक पान. पानावर लिहिलं होतं : बाहीच्या खाचा मुंढ्याच्या खाचांना जुळवा आणि टीप मारा.

मुंढा म्हणजे कपड्यात बाही बसते ते भोक. माणसाचा हात पुढे जातो, मागे फारसा जात नाही, म्हणून बाहीची पुढची कड जास्त खोलगट कापतात आणि मागची भरीव ठेवतात. कुठली कड कुठली हे कळावं म्हणून पुढच्या बाजूला कात्रीची एक बारीक खाच आणि मागच्या बाजूला दोन. शिवणाऱ्यानं खाचेला खाच भिडवायची, डोकं चालवायचं काम नाही. या कागदावर बाहीच्या खाचा नेमक्या उलट पडल्या होत्या. त्या जुळवल्या की उजवी बाही डावीकडे जात होती. असा गाऊन घालून रुग्ण नुसता पडून राहिला असता तर काही बिघडलं नसतं. पाण्याच्या ग्लासाकडे हात केला असता तर मात्र पाठीत कापड ताणलं असतं.

मास्तरांच्या बोटांना हे बाही उचलल्याबरोबर कळलं, डोळ्यांना मागाहून. डाव्या हातानं बाही आपसूक उलटवून बरोबर बाजूला नेलीसुद्धा. मास्तरांनी ती परत आणली. टाचण्या लावायला घेतल्या तर हातानं पुन्हा तेच केलं. तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, पंख्याकडे बघितलं, आणि मग एकेक टाचणी मोजून लावावी तशी चुकीच्या जागी लावली.

बाही सरळ केली असती तर मास्तर नापास झाले असते.

हे जरा उलगडून सांगायला हवं.

मास्तर एका मोठ्या हॉस्पिटलच्या शिवणखोलीत काम करतात. वय पंचावन्न, त्यातली तेहतीस वर्षं सुईदोऱ्यात गेलेली. ऑपरेशनचे गाऊन, रुग्णांचे गाऊन, चादरी, उशांच्या खोळी, डॉक्टरांचे फाटलेले खिसे, सगळं त्या एका खोलीतून जातं. शिवणखोलीच्या प्रमुख मोठ्या बाई पुढच्या तिमाहीत निवृत्त होताहेत. त्यांच्या खुर्चीसाठी मास्तरांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पण त्या जागेला कपड्यांच्या आखणीच्या वर्गाचं प्रमाणपत्र लागतं, आणि मास्तरांकडे हातातल्या कौशल्याखेरीज कागदाचा एक कपटाही नव्हता.

“फॉर्म भरा आणि गपचूप जा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पाचला सुटी देते मी तुम्हाला. उरलेलं मी बघीन.”

“बाई, मला त्या पोरीसोरींत बसवता? कापायला मी शिकवायचं की त्यांनी मला?”

“तेच बघायला जा.”

मोठ्या बाईंनी सहा महिने शब्द पाळला. मास्तर निघाले की त्यांच्या टेबलावरचं उरलेलं कापड त्या स्वतः कापत होत्या, आणि त्याचा एका शब्दानं उल्लेख करत नव्हत्या. मास्तरांना ते दुसऱ्या दिवशी सकाळी तुकड्यांच्या गठ्ठ्यावरून कळायचं. बाईंची कात्री वळणावर किंचित थांबते, ते कडेवर दिसतं.

वर्गात शिकवणाऱ्या मॅडम मास्तरांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पूर्वी एका कपड्यांच्या कारखान्यात पॅटर्न आखायच्या. पॅटर्न म्हणजे कपड्याच्या प्रत्येक तुकड्याचा पूर्ण मापाचा कागद. कागद एका गावात आखला जायचा आणि शिलाई दुसऱ्याच गावात व्हायची. शिवणाऱ्या बायकांना आखणाऱ्याचं तोंडही कधी दिसायचं नाही. मॅडमनी वर्गातली गुण देण्याची पद्धत तिथूनच आणली असावी.

पद्धत अशी. सत्रात दोन असाइनमेंट. प्रत्येकानं एक कपडा कागदावर आखायचा, सूचनांचं एक पान लिहायचं आणि दोन्ही पाकिटात घालून द्यायचं. पाकिटावर नाव नाही, नुसता क्रमांक. मॅडम पाकिटं पिसून वाटतात. ज्याला जे मिळेल त्यानं ते कापून शिवायचं. आखणाऱ्याला वीस गुण, शिवणाऱ्याला दहा. आखणाऱ्याचे गुण शिवून झालेल्या कपड्यावरून. शिवणाऱ्याचे गुण एकाच गोष्टीवर : कागदावर आहे तेच आणि तेवढंच शिवलं का. दोन्ही असाइनमेंट मिळून साठ गुण, त्यात तीस आले तरच लेखी परीक्षेला बसता येतं.

“पाकीट माझ्या हातात दिलंत की तुमचं तोंड बंद,” मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. “शेजारी काय शिवतेय ते बघून उसासेही सोडायचे नाहीत. आणि शिवणाऱ्यांनी शहाणपणा करायचा नाही. कागद म्हणेल खिसा पाठीवर, तर खिसा पाठीवर.”

वर्ग हसला. मास्तरही हसले. त्यांना वाटलं, चला, निदान शिलाईचे दहा तर खिशात.

पहिल्या असाइनमेंटला कपडा ज्याचा त्यानं निवडायचा होता, आणि मास्तरांनी सहा वर्षांच्या मुलाचा शर्ट घेतला. मास्तरांचा कागद म्हणजे बघत राहावा असा. रेषा एकटाकी, गळ्याचा गोल असा की कंपास लाजावा. पाकीट गेलं शेजारच्या मशीनवरच्या मुलीकडे. ही एकोणीस-वीस वर्षांची. दिवसा एका दुकानात तयार कपडे आखूड-लांब करून देते. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे वर्गानं तिचं नावच टाचणी ठेवलंय. तोंडातल्या टाचण्या काढून ती बोलते तेव्हा त्या तोंडात होत्या तेच बरं होतं असं काहींचं म्हणणं आहे.

टाचणीनं शर्ट शिवला. मुलाच्या मापाच्या डमीवर चढवला. खांद्यापर्यंत कसाबसा गेला आणि तिथे अडकला. समोरून बटणं आणि काजं एकमेकांकडे लांबून बघत राहिली.

“हा शर्ट आहे की दंडाला बांधायची पट्टी?” मागून कुणीतरी म्हणालं.

मॅडमनी कागद उचलला, पट्टी लावून मोजला आणि पुन्हा खाली ठेवला. मापं सगळी बिनचूक होती. फक्त शिवणीसाठी सोडायची जास्तीची जागा, जिला कारागीर मार्जिन म्हणतात, ती कागदावर कुठेच नव्हती. ना रेषेत, ना सूचनेत. प्रत्येक शिवणीनं आपापला घास घेतला होता आणि शर्ट एका वर्षाच्या बाळाचा झाला होता.

मास्तरांनी कागद जवळ ओढून बघितला. तेहतीस वर्षांत त्यांनी मार्जिन कधी विसरलं नव्हतं. पण ते कधी आखलंही नव्हतं. खडूच्या रेषेपासून अंगठाभर सोडून कात्री चालवायची हे त्यांचा हात त्यांना न विचारता करत आला होता. कागदावर रेषा होती. अंगठा घरी राहिला होता.

“वीसपैकी पाच,” मॅडम म्हणाल्या. “पाच रेषांचे.”

मग मॅडमनी मास्तरांनी शिवलेला एप्रन हातात घेतला. हा दुसऱ्या कुणाच्या कागदावरचा. गळ्याच्या पट्टीशी त्या थांबल्या.

“मास्तर, ही पट्टी कागदावर आठ सेंटिमीटरनं कमी आहे. इथे पुरली कशी?”

“जोड दिला ना, मॅडम.” मास्तरांच्या आवाजात थोडा अभिमान होता. “दिसतोय का कुठे? नाही ना दिसत?”

“नाही दिसत.”

“मग!”

“म्हणूनच शून्य.”

तिसांपैकी पाच. सुटल्यावर जिन्यात मास्तरांनी टाचणीला गाठलं.

“काय गं, मार्जिन नाहीये हे तुला दिसत नव्हतं?”

टाचणीनं पिशवी खांद्यावर घेतली. “दिसलं ना काका. पहिल्या टिपेलाच दिसलं.”

“मग घालायला काय झालं होतं? कापड काय तुझ्या खिशातून जाणार होतं?”

“घातलं असतं तर शर्ट मस्त झाला असता. तुम्हाला अठरा मिळाले असते.”

“तेच म्हणतोय मी!”

“आणि पुढच्या कागदावर पुन्हा नसतं घातलंत. तुम्हाला वाटलं असतं, झकास आखतो आपण.” ती दोन पायऱ्या उतरली आणि वळली. “आणि माझे दहा गेले असते ते वेगळंच.”

“आगाऊ पोरगी आहे,” मास्तर स्वतःशी म्हणाले, पण जिना अरुंद असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

घरी बायकोनं ताट वाढता वाढता एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि ओळखलं. “अहो, प्रगतिपुस्तक लपवलेल्या पोरासारखं तोंड का झालंय?”

“पाच मिळाले.”

“पाचपैकी?”

“तिसांपैकी.”

ती हसली नाही असं म्हणता येणार नाही. मग म्हणाली, “मला तुम्ही एकदा पायजमा कापायला शिकवत होतात, आठवतंय? इथून असं घे, मग असं वळव, म्हणत म्हणत सगळा तुम्हीच कापलात. मी चहा टाकून आले तोवर शिवूनसुद्धा झाला होता. मला अजून पायजमा येत नाही.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“पायजमा आयता मिळत होता, बोलू कशाला?”

मास्तरांनी त्या रात्री हिशेब केला. हातात पाच आहेत, लागतात तीस. म्हणजे दुसऱ्या असाइनमेंटला तिसांपैकी पंचवीस. शिलाईचे दहा पूर्ण आले तरी आखणीचे पंधरा हवेत. आणि शिलाईचं पुन्हा शून्य झालं तर आखणीत वीसपैकी वीस आणूनही भागत नव्हतं. मग मोठ्या बाईंच्या खुर्चीवर बाहेरचं कुणीतरी येणार होतं, आणि मोठ्या बाईंनी सहा महिने गुपचूप कापलेलं कापड वाया जाणार होतं. दुसरी गोष्ट त्यांना जास्त लागली.

दुसऱ्या असाइनमेंटचा विषय मॅडमनी फळ्यावर लिहिला : रुग्णाचा गाऊन, पाठीमागे नाड्या. सगळा वर्ग मास्तरांकडे वळला. मास्तरांचा चेहरा खुलला. गाऊन त्यांनी किती शिवले असतील याचा नेम नाही.

“खूश होऊ नका,” मॅडम फळा पुसता पुसता म्हणाल्या. “तुम्हालाच सगळ्यात अवघड जाणार आहे.”

तीन आठवड्यांची मुदत होती. वर्गाबाहेरच्या कुणालाही कागद दाखवायची परवानगी होती. मास्तरांनी कागद आखला, मार्जिन ठळक रेषेनं दाखवलं, खाली सूचना लिहिल्या आणि रविवारी मेहुण्याला जेवायला बोलावलं. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो. त्यानं आयुष्यात शर्टाचं बटणही लावलेलं नाही, आणि मास्तरांना नेमका तसाच माणूस हवा होता.

जेवण झाल्यावर मास्तरांनी टेबल मोकळं केलं, जुनी चादर पसरली, त्याच्या हातात कात्री आणि सूचनांचं पान दिलं. “यात लिहिलंय तसं कर.”

“भाऊजी, जेवायला बोलावलंत तेव्हाच मला संशय आला होता.”

“वाच.”

मेहुण्यानं चष्मा चढवला. “एक. कापड दुमडा.” तो थांबला. “उभं की आडवं?”

“आता हे काय विचारणं झालं? उभंच!”

“लिहिलंय कुठे?”

“अरे, कापड आडवं कोण दुमडतं?”

“मी,” मेहुणा म्हणाला, आणि त्यानं दुमडून दाखवलं. “आमच्याकडे, भाऊजी, पुस्तकात लिहिलेलं नसेल तर लिफ्टला हात लावायचा नाही. मागे एकानं अंदाजानं तार जोडली, तर दार उघडायचं बटण दाबलं की लिफ्ट वर जायची.”

मास्तरांनी पेन काढलं आणि ‘उभं’ लिहिलं. मग मेहुण्यानं विचारलं, उभं म्हणजे कुठल्या बाजूनं? तेव्हा ‘कापडाच्या विणलेल्या काठाला समांतर’ असं लिहिलं. मेहुण्यानं चादरीला काठ कुठे आहे ते शोधून घेतलं.

“पाच. नेहमीप्रमाणे बाही लावा.” मेहुणा मान वर न करता म्हणाला, “नेहमी म्हणजे कधी? मी आज पहिल्यांदाच लावतोय.”

आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. “ताई, तू हसू नकोस,” मेहुणा ओरडला, “तुझ्या नवऱ्यानं मला भर दुपारी बाह्या लावायला बसवलंय.”

दुपारी दीड वाजल्यापासून चहाच्या वेळेपर्यंत हे चाललं. मास्तर दोनदा भडकले, एकदा कात्री ओढून घेतली आणि मेहुण्यानं ती शांतपणे परत मागितली. ‘हलक्या हातानं’ खोडलं गेलं. ‘व्यवस्थित’ तीन ठिकाणी होतं, तिन्ही ठिकाणी खोडलं गेलं. ‘गरजेपुरतं’ याच्या जागी सेंटिमीटरचा आकडा आला. एक पान होतं ते बारीक अक्षरात पाठपोट भरलं. शेवटी चादरीचं जे काही तयार झालं त्याला गाऊन म्हणणं धाडसाचं होतं, टाके वेडेवाकडे होते, पण बाह्या बाह्यांच्या जागी होत्या आणि नाड्या पाठीकडे. मेहुण्यानं तो शर्टावरून घातला आणि तसाच बाल्कनीत जाऊन चहा प्यायला.

मास्तर टेबलाशी कागद घेऊन बसून राहिले. आपल्याला काय काय येतं याची यादी एवढी मोठी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आणि ती इतकी वर्षं कुणालाच देता आली नव्हती.

तर सोमवार. पाकिटं पिसून वाटली गेली. मास्तरांचं पाकीट बँकवाल्या बाईंकडे गेलं हे त्यांना कागदाच्या आकारावरून कळलं. या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, हौस म्हणून वर्गाला येतात आणि शिवण त्यांची वर्गात सगळ्यात कच्ची. मास्तरांनी छातीभर श्वास घेतला. उसासा सोडायची मात्र परवानगी नव्हती.

त्यांच्या स्वतःच्या हातात आलेल्या पाकिटात तो उलट्या खाचांचा गाऊन होता. अक्षर बघितल्यावर त्यांना शंका राहिली नाही. सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ मारायची सवय वर्गात एकाच व्यक्तीला होती. आकड्यांखाली टाचणीनं टोचल्याची बारीक भोकंही होती.

मास्तर चुकीची बाही हातात धरून बसले होते तेव्हा त्यांच्या डोक्यात पंचवीस गुण होते हे खरं. पण तेवढंच नव्हतं. ही बाही आपण गुपचूप सरळ केली तर ही पोरगी उद्या हाच कागद कुठल्यातरी शिवणखोलीत देईल, तिथल्या बाया आपल्यासारख्या तेहतीस वर्षं मुरलेल्या नसतील, आणि त्या खाचेला खाच जुळवतील. शर्टाच्या वेळी तिनं आपल्याला आयता पायजमा दिला नव्हता. त्यांनी मशीनचा पाय खाली केला आणि टीप मारली. एकदा उजवी बाही, मग डावी. टीप मात्र सरळ, एकसारखी, त्यांनी आजवर मारलेल्या कुठल्याही टिपेइतकी नेटकी. चूक करायची तर नीट करायची.

साडेआठला मॅडमनी मशीन बंद करायला सांगितलं. डमींना हात नसतात, म्हणून या वेळी प्रत्येकानं स्वतः आखलेला गाऊन स्वतः अंगात घालायचा होता. टाचणीनं आपला घातला, नाड्या बांधून घेतल्या आणि मॅडमनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही हात पुढे केले. अर्ध्यात थांबली.

“ओढतोय,” ती म्हणाली. पुन्हा हात पुढे केले. “मॅडम, पाठीत ओढतोय. कुणी शिवलाय हा?”

“मी,” मास्तर म्हणाले.

वर्गात कुजबुज झाली. मास्तरांच्या हातचा कपडा ओढतो हे कुणाला पटेना. मॅडमनी बाही उलटी करून शिवण बघितली, कागदावरच्या खाचा बघितल्या, सूचनांचं पान बघितलं. त्यांचा वेळ घेण्याचा स्वभाव आहे.

“शिवणाऱ्याला दहापैकी दहा,” त्या म्हणाल्या. “आखणाऱ्याला बारा.”

टाचणीला पहिल्या असाइनमेंटला तिसांपैकी सत्तावीस होते, तिच्या पास होण्याला धोका नव्हता. पण वर्गात पहिलं यायचं तिनं मनात धरलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं गाऊन काढला, खिडकीशी नेला, खाचांवरून बोट फिरवलं. आणि म्हणाली, “खाचा मारताना कागद पालथा होता माझा.” कुणाला उद्देशून नाही. मग वहीत लिहून घेतलं.

बँकवाल्या बाईंनी शिवलेला मास्तरांचा गाऊन शेवटी आला. मास्तरांनी तो घातला. टाके थोडे नागमोडी होते, पण कापडाला त्याचं काही नव्हतं. खांदे बसले. हात पुढे गेले, वर गेले, कुठे ताण नाही. बँकवाल्या बाई दोन्ही हात जोडून उभ्या होत्या, निकाल त्यांचाच असल्यासारख्या.

“काही अडलं का हो तुम्हाला?” मॅडमनी त्यांना विचारलं.

“एकदासुद्धा नाही. एक ओळ वाचायची, ती करायची, खाली रेघ मारायची. बँकेच्या परिपत्रकातसुद्धा इतकं स्पष्ट कुणी लिहीत नाही.”

मॅडम मास्तरांच्या पाठीमागे गेल्या. नाड्यांच्या दोन जोड्या होत्या. वरची ठीक होती. खालची जोडी जिथे हवी तिथून बरीच वर आली होती आणि तिच्याखाली गाऊन उघडा पडत होता. रुग्णाला संकोच वाटावा इतका.

“खालची नाडी इथे कशी लावलीत?”

बँकवाल्या बाईंनी पान उघडलं आणि बोट ठेवून वाचलं : “दुसरी नाडी कंबरेच्या खुणेखाली चार बोटं.” मग त्यांनी स्वतःचा हात वर करून दाखवला. बोटं बारीक, पेन्सिलीसारखी. “ही बघा, मोजून चार.”

वर्गात हशा फुटला. मास्तरांनी आपल्या हाताकडे बघितलं. त्यांची चार बोटं म्हणजे बाईंची सहा.

“कुणाची बोटं, मास्तर?” मॅडमनी विचारलं. आता त्यासुद्धा हसत होत्या.

“माझी, मॅडम. लिहायचं राहिलं.”

मॅडम गुण लिहीत होत्या तेव्हा मास्तर मनात आकडे मोजत होते. पंधराच्या खाली एकही गेला तरी संपलं. मॅडमनी पेन उचललं, पुन्हा टेकवलं.

“वीसपैकी सोळा. चार बोटांचे चार कापले.”

पाच आणि सव्वीस, एकतीस. मास्तरांनी मान हलवली आणि गाऊनच्या नाड्या सोडायला घेतल्या, पण त्या पाठीमागे असल्यामुळे बँकवाल्या बाईंनाच सोडाव्या लागल्या. त्यांनी बाईंचे आभार मानले. बाई म्हणाल्या, त्यात काय, तुम्ही लिहिलंत तसं केलं.

मॅडमच्या टेबलाशी मास्तर थोडा वेळ घुटमळले. “मॅडम, ते पहिले पाच...”

“वाढवून मिळणार नाहीत.”

“नाही, तसं नाही. ते पाचच बरोबर होते, एवढंच म्हणायचं होतं.”

मॅडमनी मान वर केली, तेवढ्यात वॉचमन चावीसाठी आला.

जिन्यात टाचणी पुढे होती. या वेळी तिनंच थांबून विचारलं, “कळलं होतं ना तुम्हाला?”

“पहिल्या टाचणीलाच.”

“हात शिवशिवले असतील.”

“विचारू नकोस. दोनदा बाही आपोआप सरळ झाली होती. धरून ठेवावी लागली.”

ती हसली. मास्तर दोन पायऱ्या उतरले आणि कठड्याला धरून उभे राहिले. “त्या शर्टाबद्दल मी तुला काही बोललो नव्हतो.”

“बोलला होतात की. आगाऊ म्हणालात.”

“ऐकलंस होय?”

“सगळ्या जिन्यानं ऐकलं, काका.”

“मग आता सगळ्या जिन्यानं हेही ऐकावं,” मास्तर म्हणाले, आवाज मुद्दाम चढवून. “बरं केलंस. तेव्हा मार्जिन घातलं असतंस तर आजचा गाऊनही माझ्या अंगात शिरला नसता.”

टाचणीनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “तुम्हीही बरं केलंत,” ती म्हणाली. “पण बारा फार कमी दिले मॅडमनी.”

घरी पोचायच्या आधीच मेहुण्याचा फोन आला. “किती?”

“सोळा. पास.”

“चार कुठे गेले?”

“चार बोटांत.” मास्तरांनी सगळं सांगितलं.

“भाऊजी, ते माझ्या नजरेतून कसं सुटलं? मी तर ओळ न् ओळ वाचली होती.”

“तुझी बोटं माझ्याएवढीच जाड आहेत म्हणून. जेवायला ये रविवारी.”

“नुसतं जेवायला? की चादर आणायची?”

“नुसतं जेवायला.”

बायकोनं दार उघडलं, तोंड बघितलं आणि काही विचारलं नाही. तिला गुण फोनवरून आधीच कळले होते. भाऊ तिचाच. जेवताना मास्तर म्हणाले, “तुला पायजमा शिकायचाय का अजून?” ती म्हणाली, “लिहून द्या. बघते.”

लेखी परीक्षा गुरुवारी संध्याकाळी सहाला आहे. हॉलतिकिटं आदल्या दिवशी कॉलेजच्या कार्यालयात मिळतील, आणि एकतीस गुणवाल्याला मिळणारं हॉलतिकीट पहिल्या नंबरवाल्याच्या हॉलतिकिटापेक्षा वेगळं नसतं याची मास्तरांनी खात्री करून घेतली आहे.

उद्या मंगळवार, वर्ग नाही. मंगळवारी ती खोली विणकामाच्या तुकडीकडे असते. हॉस्पिटलची शिवणखोली सकाळी सात वाजता उघडते. मोठ्या बाईंना उद्या पाचला घरी जायचं आहे. त्यानंतरची कापाकापी मास्तर करतील.